फोटोंचा ढीग कमांडने लहान करण्याआधी

मूळ फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आहे ना? नसेल तर आधी ती करा. त्यावर जास्त लिहीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक असतं. राहून जाते ती उभ्या फोटोंची दिशा. मागच्या खेपेला तीच सुटली आणि सगळा ढीग पुन्हा चालवावा लागला. म्हणून आधीच सांगून ठेवते: इमेजमॅजिकच्या (टर्मिनलवरून आदेश देऊन फोटो बदलणाऱ्या प्रोग्रामच्या) आदेशात फाइलच्या नावानंतर पहिला पर्याय डॅश ऑटो-ओरिएंट (डॅश म्हणजे पर्यायापुढची छोटी आडवी रेघ). आकार त्यानंतर, सफाई, म्हणजे फाइलसोबतची जादा माहिती काढणं, सर्वांत शेवटी.

कारण असं. कॅमेरा किंवा फोन उभा धरला तरी बरेच कॅमेरे पिक्सेल आडवेच साठवतात आणि फाइलच्या एक्झिफ माहितीत (कॅमेऱ्याने फोटोसोबत साठवलेल्या नोंदीत) फक्त एक आकडा लिहून ठेवतात. १ म्हणजे सरळ, ३ म्हणजे उलटा, ६ म्हणजे दाखवताना घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवा, ८ म्हणजे तितकाच उलट दिशेने. (२, ४, ५, ७ हे आरशातल्या प्रतिमेचे, क्वचितच भेटतात.) फोटो पाहायची बहुतेक साधनं हा आकडा वाचून चित्र आपोआप सरळ दाखवतात, २०२० पासून क्रोमसुद्धा. त्यामुळे मूळ फोटो डोळ्यांनी कितीही तपासा, सगळे नीटच दिसतात. मग आकार कमी करताना फाइल हलकी व्हावी म्हणून आपण डॅश स्ट्रिप लावतो, एक्झिफ उडतं, त्याबरोबर तो आकडाही जातो आणि माणसं आडवी पडतात. डॅश थंबनेल वापरलंत तर स्ट्रिप न लिहिताही हेच होतं, कारण तो पर्याय रंगांची प्रोफाइल सोडून बाकीच्या प्रोफाइल (फाइलसोबतच्या माहितीचे गठ्ठे, एक्झिफ त्यातलंच) स्वतःच काढून टाकतो. ऑटो-ओरिएंट पिक्सेलच फिरवतं आणि आकडा १ करतं, मग पुढे काहीही उडालं तरी बिघडत नाही. नावात फसू नका: नुसतं डॅश ओरिएंट हा वेगळा पर्याय आहे. तो फक्त आकडा बदलतो, पिक्सेलला हात लावत नाही.

आकाराच्या आधीच का, तेही पाहा. ६००० बाय ४००० असे साठवलेले पिक्सेल, आकडा ६, म्हणजे खरा फोटो ४००० रुंद आणि ६००० उंच. तुम्ही फक्त रुंदी १६०० मागितली. आधी आकार बदलून मग फिरवलं तर हाती १०६७ बाय १६०० येतो. आधी फिरवून मग आकार बदललात तर १६०० बाय २४००. अशा चुकीच्या क्रमाने चालवलेल्या ढिगात आडव्या फोटोंची रुंदी बरोबर येते, उभ्यांची चुकते, आणि पानावर मांडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

तेव्हा सुरुवातीलाच मोजून घ्या. एक्झिफटूलला (एक्झिफ वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या प्रोग्रामला) डॅश आर, डॅश एन, डॅश कॅपिटल टी आणि डॅश ओरिएंटेशन देऊन फोल्डर दाखवा, त्याचं आउटपुट सॉर्टमधून (ओळी क्रमाने लावायला) आणि मग युनिक डॅश सी मधून (सारख्या ओळी मोजायला) काढा. कोणता आकडा किती फोटोंत आहे ते एका नजरेत कळतं. ज्यांत आकडाच नाही ते नुसत्या डॅशसमोर येतात. या डॅशवाल्यांमध्ये कोणीतरी आधीच स्ट्रिप करून पाठवलेले फोटो असू शकतात, आणि त्यातला एखादा आडवा पडला असेल तर आता कोणतंही साधन त्याला ओळखू शकत नाही. ते वेगळे काढा, डोळ्यांनी पाहून हाताने फिरवा. ६ आणि ८ ची संख्या कागदावर लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे. फोनवरच्या एचईआयसी फाइल असतील तर त्यांची दिशा उघडतानाच लागू होते. तिथे एक्झिफमधला आकडा पुन्हा लागू होऊन फोटो दोनदा फिरत नाही ना, हे एका उभ्या फोटोवर करून पाहा. तुमच्या इमेजमॅजिकला एचईआयसी वाचता येतं का, हे डॅश लिस्ट फॉरमॅट सांगतं.

साधनाची आवृत्ती बघा. सातव्या आवृत्तीत मुख्य आदेश मॅजिक आहे, कन्व्हर्ट हे जुनं नाव. विंडोजवर नुसतं कन्व्हर्ट टाइप केलंत तर डिस्कची फाइल सिस्टिम बदलणारा विंडोजचा स्वतःचा प्रोग्राम चालू होऊ शकतो, म्हणून तिथे मॅजिकच लिहा.

मॉग्रिफाय (इमेजमॅजिकचाच, एका आदेशात अनेक फाइल बदलणारा प्रोग्राम) वापरणार असाल तर डॅश पाथ देऊन वेगळं फोल्डर दाखवा, नाहीतर तो मूळ फाइलवरच लिहितो. ते फोल्डर आधी तयार असायला हवं, मॉग्रिफाय ते बनवत नाही. आणि पाथमध्ये सगळं एकाच ठिकाणी सपाट पडतं. दोन कार्डांवरच्या दोन फोल्डरांत एकाच नावाचे फोटो असतात, कारण कॅमेरे ठराविक आकड्यानंतर पुन्हा पहिल्यापासून मोजतात. दुसरा पहिल्याला पुसून जागा घेतो, कसलीही सूचना न देता. फोल्डर अनेक असतील तर मॉग्रिफाय सोडा, लूप (एकेका फाइलवर तोच आदेश चालवणारी स्क्रिप्ट) लिहा आणि आउटपुटच्या बाजूला तीच फोल्डरांची रचना उभी करा. लूपमध्येही ऑटो-ओरिएंट पहिलंच. मॉग्रिफायमधून लूपमध्ये आदेश उतरवताना तोच एक पर्याय गळतो.

आकार लिहायची पद्धत: १६०० बाय १६०० आणि त्यापुढे 'पेक्षा मोठं' हे चिन्ह. म्हणजे फोटो त्या चौकटीत बसेल इतका लहान होईल, पण आधीच लहान असलेला ताणून मोठा होणार नाही. हे चिन्ह एकेरी अवतरणातच हवं. उघडं ठेवलंत तर शेल (टर्मिनलवरचे आदेश वाचणारा प्रोग्राम) त्याला आउटपुट फाइलकडे वळवण्याची खूण समजतं, आणि शेल ती फाइल प्रोग्राम सुरू होण्याच्या आधी रिकामी करतं. चिन्हानंतर जर मूळ फाइलचंच नाव आलं असेल तर ती शून्य बाइटची होते, आणि प्रोग्रामला वाचायला काही उरत नाही. इथे मूळ प्रत नसलेल्यांचे हाल होतात. उद्गारचिन्ह म्हणजे प्रमाण मोडून नेमका आकार, ते जवळजवळ कधीच नको असतं. शिवाय दुहेरी अवतरणात ठेवलं तरी बॅश हे शेल टर्मिनलवर त्याचा अर्थ 'मागचा आदेश' असा लावू शकतं. म्हणून एकेरीच.

दर्जा ८२ ते ८५ ठेवा. काहीच दिलं नाही तर इमेजमॅजिक मूळ जेपेगच्या दर्जाचा अंदाज घेऊन तोच लावतं, तो नाही कळला तर ९२, आणि मग फाइल इतक्या जड का याचा शोध सुरू होतो. पारदर्शक पीएनजीचं जेपेग करताना पार्श्वभूमी पांढरी देऊन डॅश अल्फा रिमूव्ह लावा, नाहीतर पारदर्शक जागा काळी येऊ शकते.

स्ट्रिपने आणखी एक गोष्ट जाते: रंगांची आयसीसी प्रोफाइल. अडोबी आरजीबी किंवा डिस्प्ले पी३ या रंगपद्धतींतला फोटो प्रोफाइलशिवाय फिका, मेलेला दिसतो, कारण पाहणारं साधन त्याला एसआरजीबी समजतं. एकतर आधी डॅश प्रोफाइलने एसआरजीबीत आणून मग स्ट्रिप करा, नाहीतर स्ट्रिपऐवजी प्लस प्रोफाइल वापरून आयसीसी सोडून बाकीचं काढा. दोन्ही वाटांनी दिशेचा आकडा जातोच, म्हणजे ऑटो-ओरिएंट दोन्हीकडे हवं. स्ट्रिपचा एक मोठा फायदा मात्र आहे: फोटो कुठे काढला त्याचे जीपीएस आकडेही जातात. फोटो लोकांपुढे जाणार असतील तर ते गेलेलेच बरे.

फाइलच्या नावांनी स्क्रिप्ट मोडते. व्हेरिएबल नेहमी दुहेरी अवतरणात, नाहीतर नावात जागा असलेल्या फाइलचे दोन तुकडे होतात. नाव डॅशने सुरू झालं तर प्रोग्रामला तो पर्याय वाटतो, म्हणून समोर टिंब आणि तिरपी रेघ लावा. कॅमेरे मोठ्या अक्षरांत जेपीजी लिहितात, छोट्या अक्षरांचा नमुना ते पकडत नाही, तेव्हा फाइंड या फाइल शोधणाऱ्या आदेशाला डॅश आयनेम द्या. एकही फाइल जुळली नाही तर बॅश तारांकित नमुनाच फाइलचं नाव म्हणून पुढे ढकलतं. हजारो फाइल एका ओळीत दिल्या तर यादी फार लांब झाल्याची चूक येते. या सगळ्यावर एकच उपाय पुरतो: फाइंड डॅश प्रिंट शून्य, पुढे एक्सआर्ग्स (सापडलेली नावं आदेशाला पुरवणारा प्रोग्राम) डॅश शून्य.

एक्सआर्ग्सला कॅपिटल पी देऊन एकाच वेळी अनेक फोटो चालवता येतात, पण आधी मेमरीचा हिशेब करा. ६००० बाय ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. सातव्या आवृत्तीच्या नेहमीच्या बांधणीत प्रत्येक रंगाला ४ बाइट, म्हणजे पिक्सेलला १२, म्हणजे एका फोटोला किमान २८८ एमबी. आठ एकदम चालवले तर २.३ जीबी, त्यावर फिरवताना आणि आकार बदलताना लागणारी जागा वेगळी. इमेजमॅजिक एका फोटोसाठीसुद्धा अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) वापरतं, म्हणून समांतर चालवताना डॅश लिमिट थ्रेड १ द्या, नाहीतर सगळे एकमेकांच्या वाटेत येतात. कॅशेची साधनं संपल्याची चूक आली तर इमेजमॅजिकच्या पॉलिसी फाइलमधल्या मर्यादा पाहा, काही लिनक्स वितरणांत त्या बऱ्याच कमी ठेवलेल्या असतात. ३००-४०० पिक्सेलचे थंबनेल करायचे असतील तर डॅश डिफाइनने जेपेग साइझला लक्ष्याच्या दुप्पट आकडा द्या. फोटो वाचतानाच छोटा उघडतो आणि काम झपाट्याने होतं. १६०० साठी त्याचा फारसा उपयोग नाही.

आता चाचणी. पूर्ण ढिगावर सुटू नका. दहा फोटो निवडा, पण पहिले दहा नकोत, ते बहुधा एकाच दिशेचे असतात. त्यात आकडा ६ चे दोन, ८ चा एक, ३ चा सापडला तर एक, नावात जागा असलेला एक, आधीच लहान असलेला एक असे घ्या. ६ आणि ८ नसलेली चाचणी म्हणजे चाचणी केलीच नाही. निकाल पाहताना इमेजमॅजिकच्या आयडेंटिफायने रुंदी-उंची छापा. उभ्या फोटोत रुंदी उंचीपेक्षा कमी आली पाहिजे. हे आकडे पिक्सेलचे आहेत, त्यांना पाहणारं साधन फसवू शकत नाही.

चालवताना आउटपुट तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाल्यावर एमव्ही या नाव बदलणाऱ्या आदेशाने खऱ्या नावावर न्या. मध्येच वीज गेली तरी अर्धवट फाइल पूर्ण म्हणून उरत नाही. तात्पुरत्या नावाचं एक्स्टेन्शन तेच ठेवा, इमेजमॅजिक त्यावरूनच प्रकार ठरवतं. समांतर चालवत असाल तर प्रत्येक फोटोचं तात्पुरतं नाव वेगळं. आउटपुट आधीच असेल तर तो फोटो वगळा. ज्या फाइलवर आदेश फसला तिचं नाव एका यादीत जोडत जा.

नंतर: दोन्हीकडची संख्या जुळवा. शून्य बाइटच्या फाइल फाइंडने शोधा. फसलेल्यांची यादी उघडा. खालचा अर्धा भाग राखाडी असेल तर मूळ फाइलच तुटलेली आहे. उभे फोटो मोजा आणि कागदावरच्या ६ आणि ८ च्या बेरजेशी ताडून पाहा. डॅशवाल्यांतले किंवा मुळातच उभे साठवलेले असतील तर तितकी भर धरा. जुळलं नाही तर ऑटो-ओरिएंट कुठेतरी सुटलंय.

तारखा हव्या असतील तर टच डॅश आर देऊन मूळ फाइलची वेळ नव्या फाइलला लावा. छायाचित्रकाराचं नाव किंवा हक्काची नोंद परत हवी असेल तर एक्झिफटूलने मूळ फाइलमधून तेवढेच टॅग आणा. सगळे टॅग आणू नका. सगळे आणलेत तर जुना ६ हा आकडाही परत येतो, आधीच सरळ केलेल्या फोटोवर बसतो आणि तो पुन्हा फिरतो. सगळेच आणायचे असतील तर दोन डॅश लावून ओरिएंटेशन वगळा, आणि शेवटी मोजणीचा तोच पहिला आदेश नव्या फोल्डरवर चालवा. तिथे १ आणि नुसता डॅश, एवढंच दिसलं पाहिजे.