शेअर्ड सेलवर दुसऱ्या ऑपरेटरचे फोन लागत नव्हते

एमओसीएन या नेटवर्क वाटून घेण्याच्या पद्धतीत रेडिओ आणि स्पेक्ट्रम सामायिक, कोअर (मागचं मध्यवर्ती नेटवर्क) मात्र ज्याचा त्याचा. एका फोर-जी साइटवर पहिल्या ऑपरेटरचं सगळं सुरळीत. दुसऱ्याचं सिम सेल पकडायचं, पण अटॅच (नेटवर्कमध्ये नोंदणी) रिजेक्ट, कॉज १५, म्हणजे या ट्रॅकिंग एरियात (सेलांच्या गटात) योग्य सेल नाही.

फोन अटॅच मागतोय, म्हणजे एसआयबी-१ (सेल प्रसारित करतो तो माहिती-संदेश) मधली पीएलएमएन (ऑपरेटरचा ओळख-क्रमांक) यादी (कमाल ६ मावतात) ठीक आहे. म्हणून रेडिओ सोडून थेट एस-१ (साइट आणि कोअरमधला दुवा) तपासला. एससीटीपी (त्या दुव्याचा वाहतूक प्रोटोकॉल) पोर्ट ३६४१२ वर लिंक चालू, सेटअपही यशस्वी, अलार्म एकही नाही. गोम टीएसीमध्ये, म्हणजे ट्रॅकिंग एरियाच्या कोडमध्ये निघाली. सेलचा टीएसी सगळ्या ऑपरेटरांना एकच; पहिल्याने तो बदलला आणि दुसऱ्याच्या एमएमईत (कोअरमधला फोनची नोंदणी सांभाळणारा घटक) नव्याची नोंदच नव्हती. अशा बदलाची आगाऊ सूचना भागीदाराला द्यायलाच हवी, भोगतो शेवटी ग्राहक.

एमएमईत टीएसी भरला, डीएनएसमध्येही टाकला. हे दुसरं हमखास राहून जातं. एसजीडब्ल्यूची (कोअरमधला डेटा वाहणारा गेटवे) निवड टीएसीच्या नावावरून होत असेल तर अटॅच पुढे तिथे अडकतं.

तरीही काही फोन लागेनात. कॉज १५ मिळाला की फोन तो ट्रॅकिंग एरिया निषिद्ध यादीत टाकतो. ती यादी फोन बंद केल्यावर किंवा १२ ते २४ तासांत पुसली जाते. चाचणीचा फोन पूर्ण बंद करूनच पुन्हा लावा.

टेस्ट सिम चालतं पण ग्राहकाचं नाही, असं दिसलं तर त्या पीएलएमएनचा 'ऑपरेटरसाठी राखीव' फ्लॅग बघा. तो लागलेला असला की ॲक्सेस क्लास (सिमवर नोंदलेली प्रवेश-श्रेणी) ११ किंवा १५ च्या सिमलाच प्रवेश मिळतो.