अंगणावर पर्गोला किंवा छप्पर उभारताना या चुका टाळा

अंगणात सावली हवी, एवढ्या एका इच्छेतून पर्गोल्याचे, म्हणजे खांबांवर पट्ट्या टाकलेल्या उघड्या मांडवाचे, किंवा छपराचे काम सुरू होते आणि आराखडा करताना डोळ्यांसमोर असते ती कोरड्या दिवसाची शांत दुपार. उभे राहिल्यावर मात्र त्याच छपराला संध्याकाळचे तिरपे ऊन अडवावे लागते, पावसाची झड झेलावी लागते आणि वारा खालून शिरला की जमिनीला घट्ट धरून राहावे लागते. खालच्या बहुतेक चुका या तीन गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

सावली मोजून पाहिलेली नसते

सूर्य डोक्यावर असताना सावली छपराखालीच पडते. तो उतरू लागला की ती सरकते, आणि किती सरकते हे आधीच काढता येते. सूर्य क्षितिजापासून 45 अंशांवर असेल, तर 2.5 मीटर उंचीवरच्या छपराची सावली तेवढीच, म्हणजे 2.5 मीटर, दूर जाते. ऊन समोरून येत असेल आणि छप्पर भिंतीपासून 3 मीटर पुढे आलेले असेल, तर भिंतीलगतची जेमतेम अर्धा मीटर फरशी सावलीत उरते. अशा वेळी छप्पर वाढवत नेण्यापेक्षा त्या बाजूला उभ्या पट्ट्या किंवा गुंडाळता येणारा पडदा लावणे स्वस्तही पडते आणि उपयोगाचेही ठरते. उघड्या पर्गोल्यात वरच्या पट्ट्यांची दिशा महत्त्वाची असते: ऊन पट्ट्यांना आडवे आले तर त्यांची पूर्ण उंची सावली देते, पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने आले तर केवळ त्यांची जाडी. काम सुरू होण्यापूर्वी ठरलेल्या उंचीवर चार काठ्यांना जुनी चादर ताणून बांधावी आणि दर दोन तासांनी सावलीची कड फरशीवर खडूने आखावी. कागदावरच्या नकाशापेक्षा त्या रेषा अधिक खरे सांगतात.

उताराचा हिशेब उंचीत धरला जात नाही

पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पत्र्यांच्या, छपराला किमान 5 अंशांचा उतार ठेवतात, म्हणजे दर मीटरला सुमारे 9 सेंटिमीटर. भिंतीशी 2.6 मीटरवर सुरू झालेले छप्पर 3 मीटर पुढे येईपर्यंत 26 सेंटिमीटर खाली उतरते, आणि त्याखाली 15 सेंटिमीटरची तुळई आली की पुढच्या कडेला डोक्यावर 2.2 मीटरही उरत नाहीत. उंच माणसाला तिथे उगाचच वाकावेसे वाटते. हे लक्षात आल्यावर उतार कमी करण्याचा मोह होतो आणि नेमकी तिथूनच पाणी साचायला सुरुवात होते. त्यापेक्षा भिंतीकडची सुरुवात वर न्यावी; वर खिडकी असल्याने ते शक्य नसेल, तर छप्पर भिंतीपासून कमी पुढे आणावे.

पाणी कुठे जाणार, हा प्रश्न शेवटी आठवतो

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 12 चौरस मीटरच्या छपरावर 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर 600 लिटर पाणी पुढच्या कडेवरून एकाच ओळीत कोसळते आणि पन्हळ नसेल, तर ते खांबांच्या पायालगतची माती उकरते. पन्हळीचा खर्च वाचवण्यात शहाणपण नाही.

गळती बहुधा भिंतीच्या सांध्यातून होते. गिलाव्यावर पट्टी ठेवून वरून सिलिकॉन फिरवले, की पहिला पाऊस निभावतो. उन्हाने सिलिकॉन सुटले, की पाणी पट्टीच्या मागे उतरते. योग्य पद्धत अशी, की भिंतीत खाच कापून तिच्यात धातूची दुमडलेली पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग, बसवावी आणि तिची खालची कड छपरावर येऊ द्यावी. गळती कुठून होते हे कळत नसेल, तर पाण्याची नळी आधी छपराच्या खालच्या कडेवर धरावी आणि काही मिनिटांच्या अंतराने वर सरकवत न्यावी; थेंब सुरू होतो त्या टप्प्यावर दोष असतो. वरून सुरुवात केल्यास पाणी सगळीकडे पसरते आणि काहीच समजत नाही. पाऊस नसताना पहाटे पत्र्याच्या खालच्या अंगाला थेंब दिसले, तर ते दव असते. त्यावर सिलिकॉन लावण्यात अर्थ नाही.

खांब उभा राहतो, पण धरलेला नसतो

छपराचे वजन खांब पेलतील का, हा विचार सगळे करतात. वारा छप्पर वर उचलतो, हा विचार थोडे करतात. फरशी आणि तिच्याखालच्या मसाल्यात घुसवलेले बोल्ट या ओढीला पुरत नाहीत. खांबाखाली स्वतंत्र काँक्रीटचा पाया हवा आणि त्याचे वजन वाऱ्याला पुरून उरायला हवे. लाकडी खांब थेट काँक्रीटमध्ये गाडू नये, कारण त्याच्या टोकाशी ओल अडकते आणि खांब आतून कुजतो. लोखंडी बैठकीवर तो दोन-अडीच सेंटिमीटर उचललेला असावा. खांबाला खांद्याने रेटल्यावर सगळा सांगाडा डोलत असेल, तर जाड खांबांपेक्षा खांब आणि तुळई यांच्यामध्ये तिरप्या कैच्या अधिक कामाला येतात. तुळई आडवी निजवणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. 50 बाय 150 मिलिमीटरची फळी उभी ठेवली, तर ती आडव्या ठेवलेल्या त्याच फळीच्या 9 पट ताठ राहते.

भिंतीच्या भक्कमपणाची खात्री नसेल, तर भिंतीला न टेकता चार खांबांवर स्वतंत्र छप्पर उभारावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्रे आवळून बसवले जातात

तापमानात 40 अंशांचा फरक पडला, तर 3 मीटर लांबीचे पॉलिकार्बोनेट जवळपास 8 मिलिमीटर वाढते, तर तेवढेच लोखंड दीड मिलिमीटरच्या आत. म्हणून स्क्रूसाठीचे छिद्र स्क्रूपेक्षा मोठे असावे आणि वॉशर नुसता टेकेल इतकेच आवळावे. सकाळी ऊन चढताना आणि संध्याकाळी ते उतरताना छपरातून टकटक ऐकू येत असेल, तर तिचे कारण बहुधा हेच असते. अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर असलेली बाजू आकाशाकडे हवी, म्हणून वरची फिल्म काढण्यापूर्वी त्या बाजूवर खूण करून ठेवावी. उलटा बसलेला पत्रा लवकर पिवळा पडतो. पोकळ नळ्यांच्या पत्र्यात नळ्या उताराच्या दिशेनेच हव्यात आणि त्यांचे वरचे टोक पूर्ण बंद, तर खालचे हवा खेळेल अशा टेपने झाकलेले असावे. नाहीतर आत शेवाळाच्या हिरव्या रेघा उमटतात आणि त्या पुसता येत नाहीत.

लोखंडी चौकोनी पाइपची उघडी तोंडे टोपी लावून बंद करावीत. जस्तलेपन केलेल्या पाइपला वेल्डिंग झाले असेल, तर तिथले जस्त जळून गेलेले असते. त्या जागी जस्तयुक्त प्रायमर लावल्याशिवाय रंग देऊ नये.

लाकडी सांगाड्याचे बोल्ट मात्र पहिला कोरडा हंगाम सरल्यावर पुन्हा आवळावेत, कारण लाकूड वाळताना आकसते आणि सुरुवातीला घट्ट असलेला वॉशर बोटाने फिरू लागतो.