पाळीच्या दिवशी खानापूरहून विद्यापीठ गाठायचं तर

एक गोष्ट आधीच सांगते, कळा वाढेपर्यंत वाट बघत बसू नका. आमच्याकडे 'अगदीच सोसेना तर गोळी' असा शिरस्ता. पण पाळी येताना गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्याने गर्भाशय आवळतं आणि कळा येतात. मळमळ, सारखं शौचाला होणं हेही त्याचंच. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन या गोळ्या ते रसायन तयार होणंच कमी करतात, म्हणून उशिरा घेतलेल्या गोळीचा तितका उपयोग होत नाही. डाग दिसला किंवा ओटीपोट दुखायला लागलं की लगेच घ्यायची.

मी खानापूरहून बेळगाव, तिथून दुसरी बस धरून भूतरामहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठात एम.कॉम.ला जायचे. जून 2023 मध्ये कर्नाटकात शक्ती योजना आली, बायकांचं तिकीट फुकट झालं आणि बसायला जागा मिळायची बंद झाली. कंबर भरून आलेली असताना दांडीला लोंबकळत जायचं म्हणजे काय ते जाणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून निघण्याआधी अर्धी भाकरी नाहीतर चार घास दहीभात, आणि मग गोळी. नुसत्या चहावर घेतली तर वर पोटात आग पडते. मेफेनॅमिकसोबत डायसायक्लोमिन (आवळलेले स्नायू सैल करणारं औषध) असलेल्या गोळीने तोंड सुकतं, गरगरतं. पहिल्यांदा घेणार असाल तर सुट्टीच्या दिवशी घरी घ्या, बसमध्ये नको.

एकदा डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या. दमा, अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, डेंग्यूचा संशय येईल असा ताप किंवा गरोदरपणाची शक्यता असेल तर या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. एकीवर दुसरी वेदनाशामक तर नाहीच. गोळीनंतर अंगावर पुरळ, ताप आला तर बंद करून दवाखाना गाठा. मेफेनॅमिकबद्दल तसा इशारा 2023 च्या अखेरीस सरकारी पातळीवर निघाला होता.

आता शेक. याला लोक आजीबाईचा उपाय म्हणून हसतात, पण खरंच गुण येतो. रबरी पिशवी कॉलेजात कोण नेणार? स्टीलची बाटली न्या, पण एकपदरी. थर्मासवाली बाहेरून तापतच नाही. कॅन्टीनमध्ये 'मावशी, जरा गरम पाणी घाला की' म्हटलं की मावशी कारण विचारत नाहीत, चेहऱ्यावरूनच ओळखतात. बाटलीला ओढणीचे दोन-तीन पदर गुंडाळा, नाहीतर कातडीवर लाल चट्टे उठतात. लेक्चरला मांडीवर पुस्तक, पुस्तकाखाली बाटली. सरांना पत्ताही लागत नाही.

पॅड जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात, ते दप्तरात असू द्या.

'लग्न झालं की थांबेल' हे मात्र ऐकून सोडून द्या. दर महिन्याला दुखणं वाढतंय, पाळी नसतानाही दुखतंय, शौच-लघवीला कळ येते, तासाभरात पॅड भिजतोय किंवा गोळी घेऊनही अंथरूण सुटत नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचंच. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढायचा आजार, असेल तर तो असाच 'सगळ्यांनाच होतं' म्हणत वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो. बेळगावात सरकारी जिल्हा रुग्णालयात ओपीडी आहे. आतून तपासतील म्हणून मुली जात नाहीत. लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी साधारणपणे पोटावरूनच करतात, फक्त पाणी पिऊन लघवी तुंबवून ठेवावी लागते.

हजेरीचं काय? कर्नाटकाने 2025 मध्ये महिन्याला एक दिवस पगारी रजा जाहीर केली ती नोकरदार बायकांना. केरळने 2023 मध्येच विद्यापीठातल्या मुलींना हजेरीत सवलत दिली, आपल्याकडच्या त्या रजेच्या घोषणेत विद्यार्थिनी नव्हत्या. तेव्हा दरवेळी डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा आणि सत्र संपायची वाट न बघता विभागप्रमुखांना अर्ज द्या. अर्जात 'प्रकृती अस्वास्थ्य' न लिहिता सरळ 'मासिक पाळीचा त्रास' लिहा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.