कॅमचं भोक मध्यावर का नसतं

बेळगावच्या उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर काढली. चकात जॉब मध्यावर बसला नाही की मिस्त्री आईबाप काढायचा. त्यामुळे भाचीचं कंपाउंड धनुष्य पहिल्यांदा हातात आलं तेव्हा नजर थेट टोकांच्या चाकांवर गेली. म्हटलं, "हे भोक बाजूला कुणी पाडलं ग?" ती हसली. "मामा, त्या भोकाचेच तर पैसे दिलेत."

होय की. विहिरीवरच्या रहाटाचं भोक मध्यावर असतं, म्हणून दोर पहिल्या हाताला जेवढा जड तेवढाच शेवटच्या हाताला. कॅम, म्हणजे धनुष्याच्या टोकाचं हे चाक, तसा नाही. त्याला दोन खाचा असतात. एकीत आपण ओढतो ती दोरी, दुसरीत केबल. केबलचं दुसरं टोक समोरच्या लिंबाला, म्हणजे धनुष्याच्या पलीकडच्या पात्याला बांधलेलं. आसापासून दोरीची खाच किती लांब आणि केबलची किती लांब, ही दोन अंतरं कॅम फिरेल तशी बदलत जातात. बाकी सगळं त्यातूनच येतं.

घरात अडकित्ता असेल तर हातात घ्या. सुपारी टोकाला धरली की मनगट दुखतं, बिजागरीजवळ सरकवली की कट्‌कन फुटते. केबल म्हणजे सुपारी, दोरी म्हणजे तुमचा हात. ओढायला सुरुवात केली की कॅममध्ये हात बिजागरीजवळ आणि सुपारी लांब, म्हणून जड. शेवटाला येईपर्यंत हात लांब गेलेला, सुपारी जवळ आलेली. लिंब पुरतं वाकलेलं असतं, साठवलेली ताकद आतच असते, पण बोटांवर भार थोडाच. याला लेट-ऑफ म्हणतात. ५० पाउंडाचं धनुष्य आणि ८० टक्के लेट-ऑफ असेल, तर नेम धरून थांबताना हातात फक्त १० पाउंड. साध्या धनुष्याचं उलट असतं, नेम धरायच्या वेळीच ते सगळ्यात जड.

ही करामत अमेरिकेतल्या मिसुरीच्या होलेस विल्बर ॲलनची. त्यानं १९६६ साली पेटंटचा अर्ज केला आणि ते १९६९ मध्ये मिळालं. आपल्याकडे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले, तेव्हापासून आमच्या भागातल्या पोरांनाही हेच धनुष्य हवं असतं.

आता कामाचं. दुकानदार "किती पाउंड?" एवढंच विचारतो. मला तो प्रश्न अर्धा वाटतो. ते पाउंड कुठल्या इंचावर येतात आणि किती इंच टिकतात, ते बघा. त्यासाठी आम्ही भाताची पोती तोलायचा डिजिटल हुक काटा घेतला. लाकडी चौकटीला रबर गुंडाळलेली खुंटी ठोकली, तिच्यावर धनुष्याची मूठ टेकवली, दोरीला काटा अडकवला आणि हातविंचनं खाली ओढत गेलो. एकेक इंच, थांबायचं, आकडा लिहायचा. शेजारच्या शॉपमधला कन्नड पोरगा विंच फिरवत होता. त्याला सांगायला शब्द शोधावा लागला नाही, 'सावकाश' दोन्ही भाषांत एकच. परत सोडतानाही तसंच. बाण नसताना ताणलेली दोरी सुटली, तर ती सगळी ताकद लिंबांत आणि कॅममध्येच परत जाते, आणि त्यात धनुष्य फुटू शकतं.

आकडे शाळेच्या आलेखाच्या कागदावर मांडले. सगळ्यात जास्त १८ किलो, म्हणजे ४० पाउंडांच्या आसपास, शेवटी ३.६. मऊ कॅम असेल तर रेघ राजहंसगडाच्या वाटेसारखी चढते, माथ्यावर थोडी रेंगाळते आणि उतरते. कडक कॅमची रेघ भिंतीसारखी वर, मग लांबलचक गच्ची, आणि पलीकडे एकदम कडा. रेघेखालची जागा म्हणजे साठलेली ताकद, म्हणून त्याच पाउंडात कडक कॅमचा बाण वेगानं जातो. पण पहिल्या तीन-चार इंचांतच खांद्याला धक्का बसतो. आमचं धनुष्य जुनं घेतलेलं, कॅम दुसऱ्या जातीचा, कडक. भाची ते आभाळाकडे करून ओढायची. तुमचं पोर असं करत असेल तर त्याला खुर्चीवर बसवून, मूठ समोर ठेवून ओढायला लावा. जमलं नाही तर लिंबाचे बोल्ट सैल करून पाउंड उतरवा. दोन्ही बोल्ट सारखेच फिरवायचे, आणि किती फेऱ्या चालतात ते कंपनीच्या पुस्तकात बघूनच.

दुसरी चूक लांबीची होती, म्हणजे दोरी किती मागे येते त्याची. हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा, अडीचनं भागा. भाचीचं ६३ इंच भरलं, म्हणजे २५ आणि थोडं वर. धनुष्य होतं २७ चं. तिची मान मागे जायची, दोरी गालात रुतायची, आणि दोष मात्र आम्ही तिच्या उभं राहण्याला देत होतो! बऱ्याच कॅमवर स्क्रूनं बसवलेला छोटा तुकडा असतो, मॉड्यूल. तो सरकवला किंवा बदलला की लांबी बदलते. स्टॉपची, म्हणजे कॅमला शेवटी अडवणारी खुंटीही त्याबरोबर हलवा, नाहीतर ओढ संपते तिथली 'भिंत' भुसभुशीत लागते.

राहिलं टायमिंग. बाण उभ्या रेषेत वरखाली पडत असतील तर दोन कॅम एकत्र पोचत नसल्याचा संशय घ्या. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं बाजूनं बघायचं, समोर मातीचा बांध आणि दोरीला बाण लावलेला. आमच्या जुळ्या कॅममध्ये वरचा आधी टेकत होता. प्रेसवर, म्हणजे लिंबं दाबून धरणाऱ्या यंत्रावर, धनुष्य सैल करून वरच्या कॅमवर गुंडाळणाऱ्या केबलला अर्धा पीळ वाढवला. अर्धाच. प्रेस नसेल तर जिथं आहे तिथं न्या, पान्यानं खटाटोप करू नका. पीळ दिल्यावर लगेच नेमाला उभं राहू नये. वीसेक वेळा ओढून सावकाश परत आणायचं, केबल बसू द्यायची, मग कॅमवरच्या खुणा पुन्हा बघायच्या. आमच्या दोनदा सरकल्या.