जुन्या ट्रकचं इंजिन खोलून पुन्हा भरताय? आट्यांच्या या चुका टाळा

"बसला की!" हे शब्द कानावर आले की मी हातातलं काम टाकून उठतो. जुन्या इंजिनावर चुकीचं फिटिंगही दोन-तीन फेरे आरामात बसतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

गाडीचं नाव सांगून फिटिंग मागायला जाऊ नका. कुर्ल्याच्या प्रीमियरचे डॉज-फार्गो अमेरिकन घराण्यातले, पण त्यांत बसलेलं पर्किन्सचं पी-सिक्स इंजिन ब्रिटिश. टेल्कोने १९५४ पासून डेमलर-बेंझबरोबर ट्रक बांधले, ते मेट्रिक. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने १९४८ साली युनिफाइड, म्हणजे तिघांच्या सामायिक आट्यांवर एकमत केलं खरं, पण ब्रिटिश कारखाने तिकडे सावकाश वळले. त्यामुळे त्या काळातल्या इंजिनावर व्हिटवर्थ (ब्रिटिश जाड आटे), बीएसएफ (ब्रिटिश बारीक) आणि यूएनएफ (युनिफाइड बारीक) शेजारीशेजारी सापडतात. शिवाय इतक्या वर्षांत कुणी कुठे बुश (आट्यांची बारकी नळी) मारला, कुठे नवे आटे पाडले, याची नोंद कुणाकडेच नसते. भोक मोजा, मग दुकानात जा.

माझा सगळ्यात जास्त जीव खाते ती ऑइल प्रेशर गेजच्या निपलची (आटे असलेल्या जोडनळीची) चूक. तिथे साधारण तीन भावंडं सापडतात. १/८ बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाइपचे आटे (१/८ इंच हे नुसतं नावाचं माप): बाहेरून ९.७३ मिमी, इंचाला २८ आटे. १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकन पाइपचे आटे: सुमारे १०.३ मिमी, इंचाला २७ आटे. तिसरा मेट्रिक, एम-१० बाय १: १० मिमी जाड, मिलिमीटरला एक आटा. पहिल्या दोघांना दुकानदार सरसकट "एक सुती" म्हणतो (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि नळाच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो बीएसपी. अमेरिकन इंजिनाच्या ब्लॉकला मात्र एनपीटी लागतो.

एका हौशी मालकाने युद्धकाळातल्या अमेरिकन लष्करी ट्रकचं इंजिन स्वतः भरलं. काम नेटकं होतं. फक्त गेजसाठी पितळी निपल नळवाल्याकडून आणला. तो ढिला लागला, म्हणून त्यावर टेफ्लॉन टेपचे वेढ्यावर वेढे दिले. दारात इंजिन चालवून पाहिलं तेव्हा एक थेंब गळला नाही. घाट चढताना तेल तापून पातळ झालं, हादऱ्यांनी निपल सुटला आणि गॅलरीतलं, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलवाहिनीतलं, तेल रस्त्यावर गेलं. ट्रक माझ्याकडे टो करून आणला तेव्हा बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) बेअरिंगं घासून गेली होती, क्रँकला ओरखडे होते आणि तेलाच्या वाटेत टेपचे पांढरे तुकडे अडकले होते. भोकातले आटे निम्मे खाल्लेले. तिथे लोखंड जाड होतं म्हणून निभावलं: ११.१ मिमीचं ड्रिल, मग १/४ एनपीटीचा टॅप (आटे पाडायचं हत्यार), त्यावर मोठं भोक लहान करणारा रिड्यूसर बुश. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं होतं, म्हणजे चुरा त्यालाच चिकटतो. तरीही गॅलरी धुतलीच.

उलटी चूक याहून महाग पडते. एनपीटीचा निपल निमुळता असतो. बीएसपीच्या भोकात पाना लांब करून तो आवळला तर पाचरीसारखा काम करतो आणि ओतीव लोखंड तडकतं.

पिच गेज (आटे ओळखायच्या दातेरी पट्ट्या) विकत घ्या, पण २७ आणि २८ मधला फरक चार-पाच आट्यांवर ओळखू येईल या भरवशावर राहू नका. मी खात्रीचे प्लग आणि नट रंग देऊन तारेत ओवून ठेवले आहेत. आधी व्हर्नियरने जाडी मोजायची, मग पिच गेज आट्यांत बसवून उजेडासमोर धरायचा. बीएसपी आणि व्हिटवर्थचा कोन ५५ अंश, अमेरिकन आणि मेट्रिकचा ६०. फट असेल तर उजेड दिसतोच. शेवटी तारेवरचा नमुना बोटांनी फिरवायचा. बोटांनी अडला की थांबायचं. ज्यांना इथे पाच मिनिटं जड वाटतात, त्यांनी जुन्या इंजिनाला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चार सुती बोल्टही असाच फसवतो. पाव इंचापासून ७/१६ पर्यंत व्हिटवर्थ आणि यूएनसीचे (युनिफाइड जाड) आटे इंचाला सारखेच भरतात, म्हणून पोरं निर्धास्त होतात. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थ १२, यूएनसी १३. तीन फेरे गोड जातो, मग घट्ट होतो, मग कुणीतरी पान्याला पाइप लावतो.

व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही.

झिजलेल्या बोल्टचं माप खरं धरू नका. जिथे आटे कधी घासले नाहीत तिथे मोजा.

बँजो बोल्टचा (आतून पोकळ, ज्यातून तेल किंवा डिझेल वाहतं) तांब्याचा वायसर पुन्हा वापरायचा तर लाल तापवून पाण्यात टाका, मऊ होतो. मी तर नवाच घालतो.

आणि आटे तंतोतंत जुळूनही डिझेल गळत असेल, तर नळीचं फुलवलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, बघा. पाव इंची नळीला ७/१६-२० चाच (७/१६ इंच, इंचाला २० आटे) नट ४५ अंशांच्या फ्लेअरलाही लागतो आणि ३७ अंशांच्यालाही. तिथे आवळून गळती थांबत नाही, फ्लेअर कापून नवा पाडावा लागतो.