खाल्लेलं लिहा, पण खातानाच

खाण्याची नोंद रात्री आठवून लिहिली की जेवण नीट येतं, मधलं गळतं: चहाबरोबरची दोन बिस्किटं, येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे, मुलाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी. म्हणून खातानाच लिहा, वेळेसकट. तीन दिवस पुरेत, पण त्यात एक रविवार हवाच.

‘एक वाटी’ लिहून भागत नाही. कुणाची वाटी १०० मिलीची, कुणाची २००ची. आपली एकदा पाणी भरून मापून ठेवा. साखरेचा सपाट छोटा चमचा साधारण ४ ग्रॅम. शिगोशीग भरला तर बराच जास्त. तीन चहा, प्रत्येकी दोन सपाट चमचे, म्हणजे २४ ग्रॅम.

सगळ्यात फसवं तेल. ते ताटात दिसत नाही आणि फोडणी कुणी मोजत नाही. पिशवी फोडल्याची तारीख डब्यावर लिहा. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम. चौघांत आठ दिवसांत संपलं, तर माणशी रोज २८ ग्रॅम, म्हणजे अडीचशे कॅलरी. तळणीचं टाकून दिलेलं तेल यातून वजा करा.

आणि हो, लिहायला लागलं की हात आपोआप आखडतो. पहिल्या दिवसाचे आकडे नेहमीचे समजू नका.