रँडम टेस्टिंग शिकायचंय? आधी दिवाणजींना गाठा

सांगलीत राहून जावास्क्रिप्टचं काम सुरू करणाऱ्या मुलामुलींना मी हल्ली प्रॉपर्टी-बेस्ड टेस्टिंग आवर्जून शिकायला सांगतो. रिॲक्ट आणि नोड ही जावास्क्रिप्टची साधनं सगळेच शिकतात. पण आपण लिहिलेलं फंक्शन बरोबर आहे हे कशावरून, या प्रश्नाला धड उत्तर देणारे फार थोडे भेटतात. आमच्याकडे मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचं हिशोबाचं काम असतं. तिथे एका पैशाचा फरकही खपवून घेतला जात नाही, म्हणून मला या प्रकाराची किंमत लवकर कळली.

नेहमीच्या टेस्टमध्ये उदाहरण आपण निवडतो. ९,००० रुपये, तीन हिस्सेदार, प्रत्येकाची हळद १०० किलो, तर प्रत्येकाला ३,००० मिळाले पाहिजेत. टेस्ट पास. अडचण अशी की कोड लिहिणाराही मीच आणि उदाहरण निवडणाराही मीच. जे मला लिहिताना सुचलं नाही, ते तपासताना तरी कुठून सुचणार? प्रॉपर्टी-बेस्ड टेस्टिंगमध्ये उदाहरणं यंत्र रँडम, म्हणजे वाटेल तशी, तयार करतं. आपण फक्त एवढंच सांगायचं, की इनपुट काहीही आलं तरी कोणती गोष्ट खरी राहिलीच पाहिजे. तीच प्रॉपर्टी.

ही कल्पना मूळची हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेतली. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातल्या कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली ‘क्विकचेक’ हे साधन मांडलं. जावास्क्रिप्टसाठी आज बहुतेक जण निकोला दुबिएन यांची ‘फास्ट-चेक’ ही लायब्ररी वापरतात. ती फुकट आहे, एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारातून मिळते आणि टेस्ट चालवायला जेस्ट किंवा व्हीटेस्ट, जे वापरत असाल त्यात चालते. वापरायला दुपारभरात जमते. खरी अडचण पुढेच आहे: ‘कायम खरं राहिलं पाहिजे’ असं काय, हे शोधायचं कुठे?

मला ते दुकानातल्या गादीवर सापडलं. तीन भावांची हळद एकाच गाडीतून येते, सौदा एकत्र निघतो, आणि हमाली-तोलाई कापून उरलेली रक्कम ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे वाटायची असते. दुकानाचा हिशोब लिहिणाऱ्या दिवाणजींना विचारलं, पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा हिशोबाचा कागद) बरोबर आहे हे तुम्ही कसं बघता? ते म्हणाले, “पोरा, सगळ्या पट्ट्यांची बेरीज आणि बिल पैशाला पैसा जुळलं पायजे. जास्त वजनवाल्याला कमी पैसं गेलं न्हाई पायजेत. आन् कुणाचीच पट्टी उणे निघता कामा न्हाई.” झाल्या तीन प्रॉपर्टी! हिशोब ठेवणाऱ्या माणसाच्या तोंडी ही वाक्यं असतातच. आपण ती ऐकून घ्यायची आणि कोडमध्ये उतरवायची.

आता हेच फंक्शन जवळून बघू. नवखा माणूस पहिल्यांदा काय लिहितो? एकूण रक्कम गुणिले हिस्सेदाराचं वजन, भागिले एकूण वजन, आणि मॅथ-राउंड, म्हणजे जवळचा पूर्णांक. वाचताना यात काही खटकत नाही. रक्कम पैशांत पूर्णांक, वजनं ग्रॅममध्ये १ पासून वरचे पूर्णांक, अशी इनपुट फास्ट-चेकला तयार करायला सांगितली आणि ‘वाटण्यांची बेरीज म्हणजेच मूळ रक्कम’ ही प्रॉपर्टी लावली, की टेस्ट फेल होते. फेल होताना सापडलेली पहिली इनपुट अनेकदा अवाढव्य असते. मोठी रक्कम, वजनांची लांबलचक यादी. पण लायब्ररी तिथे थांबत नाही. तेच अपयश टिकवून ती इनपुट लहान लहान करत नेते. याला श्रिंकिंग म्हणतात. शेवटी हातात येतं ते असं काहीतरी: रक्कम १ पैसा, वजनं १ आणि १. अर्धा पैसा राउंड होऊन दोघांनाही एकेक पैसा मिळतो आणि एकाचे दोन होतात. एवढं छोटं उदाहरण समोर आल्यावर चूक कुठे आहे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

दुरुस्ती अशी: आधी सगळ्यांना अपूर्णांक सोडून खालचा पूर्णांक द्यायचा, मग उरलेले पैसे ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना एकेक करून वाटायचे. पुन्हा टेस्ट चालवली की ती पास होते, आणि बरेच जण इथे समाधान मानतात. मी म्हणेन, इनपुटची मर्यादा वाढवून बघा. एक कोटी रुपये म्हणजे १०० कोटी पैसे, दहा टन म्हणजे एक कोटी ग्रॅम. त्यांचा गुणाकार १ वर १६ शून्यं. जावास्क्रिप्टचा नंबर पूर्णांक अचूक धरतो ते ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच. म्हणजे हंगामातल्या मोठ्या व्यवहाराला आपण ती हद्द ओलांडतो आणि अपूर्णांकांची तुलना बिघडू शकते. अशा वेळी बिग-इंट हा मोठे पूर्णांकही अचूक धरणारा प्रकार वापरायचा.

प्रॉपर्टी लिहिताना दोन ठिकाणी मुलं हमखास अडकतात. पहिलं म्हणजे, फंक्शनमधलंच गणित टेस्टमध्ये पुन्हा लिहितात. मग दोन्हीकडे तीच चूक असते आणि टेस्ट आनंदाने पास होते. दुसरं, प्रॉपर्टी फार सैल ठेवतात. सॉर्टिंगचं बघा. ‘उत्तर चढत्या क्रमाने असावं’ एवढंच लिहिलं, तर कायम रिकामी यादी परत करणारं फंक्शनही पास होईल. म्हणून ‘आत गेलेले सगळे आकडे बाहेरही तेवढेच यावेत’ हे जोडीला हवंच. जाता जाता: जावास्क्रिप्टचा साधा सॉर्ट आकड्यांना अक्षरं समजून लावतो, त्यामुळे २ आणि १० दिले तर १० आधी येतो. चढत्या क्रमाची प्रॉपर्टी ते लगेच पकडते. सरावाला सुरुवात इथूनच करा.

मराठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांसाठी आणखी एक उपयोगाची प्रॉपर्टी आहे: जाऊन परत येणं. आकडा मराठी अंकांत छापायचा, तोच मजकूर पुन्हा वाचायचा, मूळ आकडा मिळाला पाहिजे. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन ‘१२५’ला आकडा मानत नाही, एनएएन (‘हा आकडा नाही’) देतं. शेतकऱ्याने मोबाइलवर देवनागरी अंक टाइप केले तर काय होईल, हे त्यावरून कळतं.

फास्ट-चेक एका प्रॉपर्टीसाठी मुळात १०० वेळा इनपुट बदलून बघतं. पैशाच्या हिशोबाला मी तो आकडा वाढवतो. टेस्ट फेल झाली की सोबत सीड, म्हणजे ज्यावरून ती रँडम इनपुट तयार झाली तो आकडा, छापला जातो. तो जपून ठेवा, कारण तोच सीड दिला की तेच अपयश पुन्हा समोर उभं करता येतं. सहकाऱ्याला ‘माझ्याकडे तर चालतंय’ म्हणायची सोय राहत नाही. सापडलेलं छोटं उदाहरण साध्या टेस्टमध्येही कायमचं लिहून ठेवा. साधी टेस्ट टाकून द्यायची नसते. दिवाणजींना दाखवायला तीच बरी पडते.

मुलाखतीला जाणाऱ्यांनी मोठा प्रोजेक्ट नसला तरी घाबरू नये. हे वाटणीचं फंक्शन, त्याच्या तीन प्रॉपर्टी आणि श्रिंक होऊन आलेला तो एक पैसा, एवढं गिटहबवर टाका आणि विचारलं की तोंडी समजावून सांगा. समोरचा पुण्याचा असो की बंगळूरचा, पुढचा प्रश्न तो याच कोडवर विचारेल. त्याआधी तासगावच्या बेदाणा सौद्याला किंवा आपल्या हळदीच्या सौद्याला एक सकाळ उभे राहून या, आणि पट्टी करणाऱ्याला विचारा की चुकलेली पट्टी त्याला कशावरून ओळखू येते.